दोनदा दाबलेले बटण

अहवालाची पाने एकशे बारा होती, पण यामिनी गुंजाळच्या तळपायाची आग मस्तकात जायला पहिल्या पानावरची एकच ओळ पुरली. 'अपघाताचे कारण : वैमानिक इंद्रजित सोनटक्के यांची चूक. घाबरलेल्या अवस्थेत अग्निरोधी बटण दोनदा दाबले.' चौकशी समितीने गार खोलीत बसून दोन महिने जे काही केले, त्यातून हे निघाले होते. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे समितीला फारच सोयीचे पडलेले दिसत होते.

यामिनी खडकमाळ हवाई तळावर उड्डाणाभासकाची देखभाल पाहणारी अभियंता होती. उड्डाणाभासक म्हणजे जमिनीवर बसून लढाऊ विमान चालवायला शिकवणारे यंत्र. कागदोपत्री नाव एवढे भारदस्त असले तरी तळावर सगळे त्याला 'सिम'च म्हणत. सिममध्ये चाळीस सराव-मिशने होती आणि एखादे मिशन मध्येच अडकले, किंवा शत्रूचे विमान डोंगरातून आरपार जायला लागले, की यामिनीला हाक जाई. ती वैमानिक नव्हती, पण 'ससाणा' विमानातला प्रत्येक खटका तिला डोळे मिटून सापडत असे.

सत्तावीस वर्षांच्या इंद्रजितलाही ते सगळे खटके सापडत. दोन महिन्यांपूर्वी उड्डाण केल्यावर अकराव्या सेकंदाला त्याच्या उजव्या इंजिनाने पेट घेतला. अशा वेळी अग्निरोधी बटण एकदा दाबायचे असते. इंजिनाचे इंधन तुटते आणि आग विझवणारा वायू सुटतो. तेच बटण पुन्हा दाबले तर इंधन परत सुरू होते. आगीची सूचना खोटी निघाली तर इंजिन हातचे जाऊ नये, म्हणून ठेवलेली ही सोय. इंद्रजितचे बटण दोनदा दाबले गेले होते, हे विमानाच्या नोंदयंत्रात स्पष्ट होते. त्याचे रेडिओवरचे शेवटचे शब्द मात्र वेगळेच सांगत होते : 'बटण दाबलं. एकदाच दाबलं. आग जात नाही.' समितीने या वाक्यावर 'संभ्रमित वैमानिकाचे असत्य विधान' असा शेरा मारला होता.

आठवड्यापूर्वी इंद्रजितचे वडील मुलाची ट्रंक न्यायला उदगीरहून आले होते. नागनाथराव सोनटक्के एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा ज्या यंत्रावर शिकला ते पाहायचे आहे म्हणाले, म्हणून त्यांना यामिनीकडे पाठवले होते. चूक मुलाचीच होती, ही तळावरची कुजबुज त्यांच्या कानी आली होती. त्यांनी सिमभोवती एक फेरी मारली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि शांतपणे विचारले, "बाई, बरेक लागला नाही तर आम्ही आधी बरेक बघतो, मग डायवर बघतो. तुमच्यात आधी डायवर बघतेत का?"

त्या दिवसापासून यामिनीला जेवण गोड लागत नव्हते, आणि आज हा अहवाल येऊन पडला होता. तिने तो मिटला आणि तडक डॉ. अनीस तांबोळी यांची प्रयोगशाळा गाठली.

तांबोळी मेंदूचे शास्त्रज्ञ होते आणि सिममधले 'सवयरोपण' हे त्यांचेच काम. साध्या सरावात हाताला वळण लागायला वर्षे जातात. तांबोळींचा रोपणटोप डोक्यावर चढवला की तेच वळण दहा खेपांत लागते आणि कायमचे लागते. गेल्या दोन वर्षांत तळावरच्या अठ्ठेचाळीस वैमानिकांनी हा टोप घालून चाळीसच्या चाळीस मिशने पुरी केली होती. यामिनी स्वतः मिशने तपासायची ती टोपाशिवाय, कारण टोपाची परवानगी फक्त वैमानिकांना होती.

"टोप नेमकं काय शिकतो, डॉक्टर?" तिने विचारले. "मिशनमध्ये जे लिहिलंय ते, की हातानं जे केलं ते?"

"हातानं केलं ते. टोपाला मिशन कळत नाही. हात हलला आणि मिशन पुढे सरकलं, की टोपाच्या दृष्टीनं ती हालचाल बरोबर. दहा वेळा तसंच झालं की तो ती मेंदूत रुजवतो. पुढे दिवा लागला की हात चालतो, विचाराची वाट बघत नाही."

"आणि वैमानिकाला माहीत असेल, की विमानात वेगळं करायचं आहे?"

"माहीत असून उपयोग काय? माहिती मनाला असते आणि मन मागून पोचतं. पोचल्यावर ते असं धरून चालतं, की शिकवलं तसंच झालं असणार."

रुजलेली सवय काढता येते का, असे तिने विचारले. तांबोळींनी चष्मा काढून पुसला. "नाही. काढता आली असती तर ऐन लढाईत भीतीनं आपोआप निघून गेली असती. ती निघत नाही, याच गुणासाठी दलानं टोप स्वीकारला."

इंजिनाच्या आगीचे मिशन एकोणिसावे. यामिनीने ते आजवर पन्नास वेळा तरी तपासले असेल आणि दर वेळी ते विनातक्रार चालले होते. मिशनच्या नोंदवहीतही प्रत्येक वैमानिकापुढे 'बटण : एकदा' असेच दिसे. पण वैमानिक सिममध्ये जो हातमोजा घालतात त्याची स्वतःची एक नोंद असते, आणि ती उघडायची बुद्धी आजवर कुणाला झाली नव्हती, यामिनीलाही नाही. तिने आता ती उघडली. इंद्रजितच्या मोज्याने प्रत्येक खेपेला बटण दोनदा दाबल्याचे नोंदवले होते. मिशनने त्यातले एकच मोजले होते.

दोष सापडायला मग तासभरही लागला नाही. आगीचा दिवा लागतो तेव्हा सिममध्ये एक घंटा वाजते. घंटा जेमतेम पाऊण सेकंद वाजते, आणि ती थांबेपर्यंत मिशन बहिरे असते. तेवढ्यात बटण दाबले तर ते दाबणे हवेत जाते आणि वैमानिकाला पुन्हा दाबावे लागते. सावकाश माणसाला यातले काहीच कळणार नाही. यामिनी टेबलाशी बसून चहाचा कप बाजूला ठेवत बटण दाबायची, त्यामुळे तिला ते कळले नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे तपासनीसही सभ्य माणसे, घंटा पुरी ऐकून घ्यायचे. दोष फक्त चपळ वैमानिकांच्याच वाट्याला येत होता. अठ्ठेचाळीसांपैकी एकतीस जण त्यात सापडले होते.

चिडून ती तक्रारवही काढायला गेली. एकतीस जणांना मिशन अडकले आणि एकानेही तोंड उघडले नाही, हे तिला पटेना. तोंड त्यांनी उघडले होते. वहीत चौदा तक्रारी होत्या, त्यातली एक इंद्रजितचीच. पहिल्या तक्रारीखाली उत्तर होते : 'मिशन अडकल्यास बटण लगेच दोनदा दाबावे. तात्पुरता उपाय.' पुढच्या तेरांखाली 'वरीलप्रमाणे'. खालची सही यामिनी गुंजाळची होती.

तिला तो दिवस आठवला. तक्रार तिने कंपनीकडे सहा वेळा पाठवली होती आणि सहाही वेळा 'आमच्याकडे दोष आढळत नाही' असे छापील उत्तर आले होते. तोवर तुकडी खोळंबू नये म्हणून तिने ती ओळ लिहिली आणि मग दुसऱ्या कामांत सगळेच विसरून गेली. आतापर्यंत तिला समितीचा राग होता, कंपनीचा होता. आता तिला स्वतःचाही आला आणि तो सगळ्यांत जास्त होता. वही तशीच काखेत मारून ती निघाली.

चौकशी समितीचे अध्यक्ष ग्रुप कॅप्टन विश्राम रणनवरे होते. माणूस प्रामाणिक, पण आपण एकदा लिहिलेले फिरवणारा नव्हे. यामिनीने आपल्या सहीसकट सगळे त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी ऐकून घेतले आणि वही परत सरकवली. सिममध्ये दोनदा आणि विमानात एकदा, एवढे शाळकरी पोरालाही कळते, असे त्यांचे म्हणणे पडले. स्वतः त्यांनीही टोप घालून ते मिशन केले होते आणि त्यांच्याही वेळी ते अडकले होते.

"माहीत आहे, सर," यामिनी म्हणाली. "एकतीस जणांच्या यादीत तुमचं नाव चौथं आहे."

"मग मीच बसतो विमानात. म्हणजे हा विषय एकदाचा संपेल."

दुपारी हँगरमध्ये एका ससाण्याची इंधननळी सोडवून ठेवली. बटणाची तार कागदावर रेघा काढणाऱ्या नोंदयंत्राला जोडली. तांबोळी मागे आगीच्या दिव्याचा खटका घेऊन उभे राहिले. दिवा कधी लागेल हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते. रणनवरे खुर्चीत ऐसपैस बसले. एकदाच दाबायचे आहे, असे त्यांनी मोठ्याने बजावूनही घेतले. नऊ मिनिटे काहीच झाले नाही. ते यामिनीला आपल्या पहिल्या उड्डाणाची हकिकत सांगायला लागले आणि दिवा लागला.

हँगरमध्ये टक-टक असे दोन आवाज झाले. ते सगळ्यांनी ऐकले.

"बघा," रणनवरे वळून म्हणाले. "एकदाच दाबलं."

तांबोळींनी कागद फाडून त्यांच्या हातात दिला. कागदावर दोन रेघा होत्या, मध्ये सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाचे अंतर. नोंदयंत्र बिघडले असेल म्हणून ते बदलले. पुन्हा दोन रेघा आल्या. चौथ्या खेपेला रणनवऱ्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरून ठेवले, तरी अंगठा दोनदा खाली गेला. सात खेपा झाल्यावर ते आपल्या हाताकडे बघत बसून राहिले. हात त्यांचाच होता आणि त्यांना विचारत नव्हता.

"मी एकदाच दाबलं होतं, गुंजाळ," ते म्हणाले. "शपथेवर सांगितलं असतं."

"सोनटक्क्यांनी मरता मरता सांगितलं, सर. त्याला तुम्ही असत्य विधान म्हणालात."

रणनवरे खाली उतरले. मिशन दुरुस्त करायला किती वेळ लागेल, एवढेच त्यांनी विचारले. दहा मिनिटे, यामिनी म्हणाली, पण त्याने यापुढची तुकडी तेवढी वाचेल. रुजलेले कुणाच्या हातातून निघणार नव्हते. माणूस बदलता येत नसेल तर विमान बदलावे लागेल, दुसऱ्यांदा दाबल्यावर काहीच होणार नाही असे. रणनवऱ्यांनी तिथूनच सगळी उड्डाणे थांबवण्याचा हुकूम सोडला.

दुसऱ्या सकाळपासून मेकॅनिकांनी पकडी घेऊन प्रत्येक ससाण्यातली इंधन परत सुरू करणारी तार तोडायला घेतली. एका विमानाला वीस मिनिटे लागत होती. यामिनी तिथे उभी राहून बघत होती आणि प्रत्येक तार तुटताना तिचा संताप वाढतच होता. या वीस मिनिटांच्या कामासाठी आधी एक माणूस जळावा लागला, मग त्याला खोटारडा ठरवावे लागले, आणि त्यानंतरही उरलेले जण रोज त्याच बटणावर अंगठा ठेवून उडत राहिले.

चार दिवसांनी सुधारित अहवाल आला. 'वैमानिकाची चूक' हे शब्द गेले होते. त्या जागी होते : 'प्रशिक्षणात रुजवलेली कृती वैमानिकाने अचूक केली. प्रशिक्षण सामग्रीत दोष होता.' यामिनीने उदगीरला फोन लावला आणि ती दोन वाक्ये वाचून दाखवली. नागनाथरावांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

"म्हणजे पोरानं शिकवलं तसंच केलं," ते म्हणाले.

"हो. तंतोतंत तसंच."

"मग शिकवणाऱ्याचं नाव काय लिव्हलंय?"

यामिनीने पाने उलटली. सामग्री होती, यंत्रणा होती, प्रक्रिया होती, 'संबंधित विभाग' होता. सबंध अहवालात दोष कुणाचा, याच्यापुढे एकाही माणसाचे नाव नव्हते.

"नाव नाही कुणाचं," ती म्हणाली.

"माझ्या पोराची चूक व्हती तवा पैल्याच पानावर नाव व्हतं की. आता चूक दुसऱ्याची निघाली, तर नाव लिव्हायला जागा न्हाई व्हय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "काम अर्धंच झालंय, बाई. पुरं करा, मग फोन करा."

फोन बंद झाला. यामिनीने कोरा कागद घेतला, वर तारीख घातली आणि लिहिले : 'मिशन एकोणीसमध्ये बटण दोनदा दाबावे, ही लेखी सूचना मी दिली. इंद्रजित सोनटक्के यांनी माझी सूचना पाळली.' खाली तिने आपले पूर्ण नाव लिहून सही केली. त्याखाली, 'ते खोटे बोलले असे मी लिहिले' एवढी एक ओळ आणखी घालून त्या ओळीपुढची सहीची जागा मोकळी सोडली, आणि तो कागद घेऊन ती रणनवऱ्यांच्या खोलीकडे निघाली.