शिवप्रसादच्या कथेतली धनगरीण

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी उलटली होती, कॉलेजची सुट्टी अजून संपायची होती. गोरेगावच्या एका शेतकऱ्यानं खतासाठी आमची मेंढरं रानात बसवून घेतली आणि त्याचा मुलगा शिवप्रसाद बांधावर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हिंगोलीच्या कॉलेजात तो माझ्याच वर्गात होता. पण मी पडले मागच्या बाकावरची... त्यानं मला कधी नीट पाहिलंच नव्हतं!

"तुमी इथं?" तो दचकला. "बरं झालं. कॉलेजच्या अंकासाठी कथा लिहून राहिलो. नायिका धनगराची पोरगी हाय. वाचू?"

त्याच्या कथेतली पोरगी गोरीपान होती आणि केस मोकळे सोडून माळावर गात होती.

"केस बाभळीत अडकले की गाणं आपोआप थांबंल," मी म्हणाले. "आन् शेवटी?"

"नायक तिला... सोडवतो."

"कशातून?"

"म्हंजी... मेंढरांतून."

मला अस्सा राग आला! लहानपणापासून हाती लागेल ती प्रेमकथा मी वाचली होती. आमच्यातली एकही पोरगी कुठं भेटली नाही. आता एक छापून येत होती, तर हा शहाणा तिला सोडवायला निघाला होता!

"संध्याकाळी या," मी म्हणाले, "कोकरं पाजायला."

तो आला. मी एक कोकरू त्याच्या हातात दिलं. "ह्याच्या आईपाशी सोडा." त्यानं ते भलत्याच मेंढीपाशी सोडलं. तिनं कोकराला झिडकारलं आणि शिवप्रसादला अशी धडक दिली की साहेब थेट लेंड्यांत बसले.

"सगळ्या सारख्याच दिसतात वो!"

"मला बी कथांतल्या नायिका सगळ्या सारख्याच दिसतात."

तो हसला नाही. बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहिला — नीट, पहिल्यांदाच. उन्हानं रापलेले माझे गाल आणखी तापले.

मग तो रोज यायला लागला. आई नुसती गालात हसायची.

मुक्काम हलायच्या सकाळी तो धावतच आला. "कथा बदलली! पोरगी सावळी हाय, मोठ्यानं हसती. नायक लेंड्यांत पडतो."

"सोडवतो का तिला?"

"न्हाई. इचारतो... मी आवडतो का तुला? आजच कथा द्यायची हाय अंकाला. पण तिचं उत्तर मला ठाव न्हाई."

मेंढरं वाटेला लागली होती. आई हाका मारत होती. मला इतका आनंद झाला, की लपवणार तरी कुठं?

"व्हय म्हणती, असं लिही," मी म्हणाले. "आन् तिचं नाव माझंच ठेव, साधना."

"अगं, सगळ्या कॉलेजाला कळंल!"

"कळू दे की!"