जरा चाखून सांग ना!

दार उघडलं आणि वहिनीच्या हातातलं फडकं तिथंच गळून पडलं... उंबऱ्यात बारक्या उभा होता! तिचा धाकटा दीर. सासूबाई गेल्यावर ज्याला तिने पोटच्या पोरासारखा वाढवला, आणि ज्याने याच उंबऱ्यावरून "पुन्हा या घराचं तोंड बघणार नाही" म्हणून पाठ फिरवली होती, तो!

"दादा कुठंय?"

"दुकानातून यायचेत अजून. तू... आत तरी ये."

"उद्या बोटीने निघतोय. कायमचा. त्याला भेटून जावं म्हटलं."

'त्याला' म्हणाला. तिला नव्हे. काळजात चर्र झालं, पण भुकेलं तोंड तिच्या नजरेतून कधी सुटलं होतं? "जेवून जा," एवढंच बोलून ती स्वयंपाकघरात वळली.

पण घरात होतं काय? दुपारचा वाळून कडक झालेला भात, घरधन्यानेही नाक मुरडलेली पाणचट डाळ, एक मऊ पडलेलं गाजर! इतक्या वर्षांनी पोर दारात आणि ही दशा! भुकेला कोंडा, म्हणत तिने चुलीवर पातेलं ठेवलं, तेलात लसूण टाकला आणि खिडकीशी पाठमोरी उभी राहून गाजर चिरू लागली.

पूर्वीही ती असंच शिळंपाकं एकत्र करून गरमागरम भात रांधायची. बारक्या उपड्या डब्यावर बसून पाय हलवायचा, ती डाव पुढे करायची, "जरा चाखून सांग ना!" आणि तो ऐटीत हुकूम सोडायचा, "मीठ कमी! लिंबू हवं!" केवढं वैभव होतं ते!

आणि मग तो दिवस... त्याला सांगून आलेल्या मुलीची माणसं जेवायला आली. बारक्या नव्या कपड्यांत पाहुण्यांमध्ये, दादा सरबराईत. चाखायला कुणीच नव्हतं! पहिल्याच घासाला पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली, अन्न खारटढोण झालं होतं. सोयरीक मोडली. "मुद्दाम केलंस तू! माझं भलं तुला बघवलं नाही!" बारक्या गरजला होता, आणि ती मूग गिळून उभी राहिली होती. एका वाक्यात तिची सुटका झाली असती, पण ते वाक्य त्याच्याच जिव्हारी लागलं असतं!

"वहिनी! अगं, जळतंय!"

बारक्या धावत आत आला. लसणाचा पार कोळसा झाला होता.

"बाहेरच्या खोलीत वास आला, आणि तुला इथं आला नाही?"

"लक्ष नव्हतं रे..."

त्याला काहीतरी खटकलं. मग फळीवरचा एक डबा काढून त्याने तिच्या नाकाशी धरला. "डोळे मिट. सांग, काय आहे?"

"...चहा?"

"कॉफी आहे, वहिनी." त्याचा आवाज चिरकला. "चवसुद्धा नाही कळत?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"कधीपासून?... माझ्या तापानंतर! माझं दुखणं काढता काढता तूही अंथरूण धरलंस. तेव्हापासूनच मला चाखायला लावायचीस! मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"काय बोलणार होते? तुझ्या दुखण्यात माझी जीभ गेली, असं? जन्मभर घास गिळताना रडला असतास, वेड्या! तुझ्या दादालाही शपथ घातली होती मी."

"आणि मी तुला... देवा!" बारक्या तिच्या पायांशी बसून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

"ऊठ. लसूण सोल दुसरा," ती डोळे पुसत म्हणाली. "रडून का पोट भरतं?"

लसूण परतला, गाजर शिजलं, डाळ उकळली, भात मोकळा होऊन तिच्यात मऊ झाला. तिने डाव पुढे केला. "जरा चाखून..."

"मीठ कमी," तो म्हणाला. "लिंबू हवं."

तिने मीठ टाकून लिंबू पिळलं, एवढ्यात थोरला आला. दारातच थबकला, दोघांचे रडवेले डोळे बघून त्याला सगळं उमगलं, आणि हात धुऊन त्याने तिघांची ताटं घेतली.

"आधी लसूण लागतो, वहिनी," पहिला घास घेत बारक्या म्हणाला. "मग गाजराचा गोडवा... लिंबू अगदी शेवटी."

तिने डोळे मिटून घास चावला. "अजून सांग."

"सामान बांधून झालंय का रे उद्याचं?" थोरल्याने हळूच विचारलं.

"झालंय, पण सकाळी परत सोडतो सगळं. तू गप्प जेव ना दादा! मी वहिनीला चव सांगतोय."