मेलो तरी हसणार नाही

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना भुताखेतांची टिंगल करायची आहे त्यांनी खुशाल करावी, फक्त आधी शेवटपर्यंत ऐकावं.

आणि हो, यात अमावस्येची रात्र नाही.

भर दुपार होती. इंग्लंडातल्या शोरहॅमच्या समुद्रकिनाऱ्यावरचा काचेचा स्टुडिओ होता. वरून, बाजूंनी, सगळीकडून लख्ख उजेड. साल १९२१, ऑक्टोबर महिना.

पर्सी होड माझ्या आजीचा थोरला भाऊ. घरात सगळ्यांचाच पर्सीमामा. पण तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, म्हणून इथे नुसतं पर्सी म्हणते.

पर्सी नट होता. आधी नाटकात, मग मूकपटात. नायक वगैरे कधीच नाही. बटलर, हवालदार, पाद्री, गावातला म्हातारा, फासावर जाणारा खुनी... असली कामं. तोंडावर कायम कुणातरी दुसऱ्याची दाढी. लोक त्याला पडद्यावर पाहून रडायचे, हसायचे, आणि बाहेर पडताना तो त्यांच्या शेजारून गेला तरी ओळखायचे नाहीत.

सिनेमाच्या फलकावर त्याचं नाव कधी लागलं नाही. एकदाही नाही.

त्याला त्याची फार खंत होती. लपवायचा नाही. "जन्मभर भाड्याच्या चेहऱ्यात राहिलो," म्हणायचा.

त्याचा जोडीदार गस लॅव्हेंडर. तोही तसाच, दाढ्यामिश्यांचा नट. दोघं एकाच खोलीत तोंड रंगवायचे. खोली कसली, जुना रेल्वेचा डबा. किनाऱ्यावर असे डबे आणून लोकांनी घरं केली होती, त्यातलाच एक स्टुडिओने घेतला होता. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, आणि एकही दिवस भांडणाशिवाय जात नसे.

आणि मग गसला लॉटरी लागावी तसं झालं.

दीपगृहाच्या राखणदाराचं काम. मुख्य काम! हरवलेल्या मुलीची वर्षानुवर्षं वाट पाहणारा बाप. फलकावर गसचं नाव सगळ्यात वर.

पर्सी जळला. साफ जळला. पण गसची दाढी पहिल्या दिवशी त्यानेच चिकटवून दिली.

सगळं चित्रण झालं. शेवटचा प्रसंग तेवढा उरला. मुलगी परत येते, दारात उभी राहते, बाप तिच्याकडे बघतो. बस.

स्टुडिओचा मालक आणि दिग्दर्शक एकच, मिस्टर क्रॅडॉक. त्याचं म्हणणं, बापाने हसायचं.

गसचं म्हणणं, हसायचं नाही.

"लोक घरी आनंदाने गेले पाहिजेत, लॅव्हेंडर."

"लोकांना कुठे जायचंय तिथे जाऊ दे. हा म्हातारा हसणार नाही."

"मी सांगतोय, हसायचं."

"मेलो तरी हसणार नाही," गस म्हणाला आणि पाइप बुटाच्या टाचेवर आपटून चालता झाला. प्रत्येक चित्रणाआधी तो तसा पाइप आपटायचा. ठक... ठक... म्हणजे गस तयार.

त्याच आठवड्यात त्याला न्यूमोनिया झाला.

गस गेला.

मातीवरून परत येताना, स्मशानाच्या फाटकातच क्रॅडॉकने पर्सीला गाठलं. "तो चेहरा तुम्हीच लावू शकता, होड. शेवटचा प्रसंग करा. छान हसा. फलकावर तुमचं नाव लावतो. मेलेल्या माणसाचं नाव बघून लोक तिकीट काढत नाहीत."

पर्सीने हो म्हटलं.

का म्हणू नये? सबंध आयुष्य त्याच एका गोष्टीसाठी थांबला होता तो.

पहिल्या दिवशी तो डब्यात एकटाच रंगायला बसला. शेजारची खुर्ची रिकामी. गोंद लावला, दाढी चिकटवली, तिचा भांग पाडला. चहा आणायला म्हणून बाहेर गेला, आत आला, आरशात पाहिलं...

दाढीचा भांग डावीकडे होता.

पर्सी नेहमी मध्ये पाडायचा. डावीकडे पाडायचा तो गस.

"वाऱ्याने झालं असेल," पर्सी मोठ्याने म्हणाला.

खिडक्या बंद होत्या.

त्याने हट्टाने भांग परत मध्ये पाडला आणि गेला.

प्रसंग झाला. मुलीचं काम करणारी डल्सी फॅरंट दारात आली. पर्सीने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि हसला. अगदी डोळ्यांपासून. डल्सीने पाहिलं. क्रॅडॉकने पाहिलं. कॅमेऱ्याचं हँडल फिरवणाऱ्या लेननेही पाहिलं.

"थांबा," क्रॅडॉक ओरडला. लेनने हँडल सोडलं.

पण टिक... टिक... टिक...

हँडल फिरत असल्याचा आवाज थोडा वेळ येतच राहिला.

सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. मग लेनने कॅमेऱ्यावर थाप मारली. आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी धुतलेली फीत पडद्यावर लावली. म्हातारा मान वर करतो. मुलीकडे बघतो...

आणि हसत नाही.

क्रॅडॉकने तीनतीनदा लावून पाहिली. नाही म्हणजे नाही. ओठ हलत नाहीत, गाल हलत नाहीत. दगड.

"दाढी दाट झाली," लेन म्हणाला.

दाढी पातळ केली. पुन्हा चित्रण. पर्सी पुन्हा हसला, या वेळी इतका की डल्सीला हसू आवरेना.

पडद्यावर... नाही.

आता सगळे लेनवर घसरले. कॅमेरावाल्यांची ती जुनी चूक. एकदा वापरलेली फीत चुकून पुन्हा चढवायची, मग एकावर एक दोन चित्रं उमटतात. पर्सीने स्वतः अशी कितीतरी भुतं वठवली होती. फीत मागे फिरवायची, पांढरी चादर पांघरायची, झालं भूत. सिनेमातलं भूत कसं बनतं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

"गसच्या तालमीची फीत चढवलीस, गाढवा," क्रॅडॉक म्हणाला.

लेन पांढराफटक पडला होता. "साहेब, हे दार गस गेल्यानंतर सुतारांनी उभं केलं. गस या दारासमोर कधी बसलाच नाही. मग त्याची फीत येईल कुठून?"



तिसऱ्यांदा कोरी फीत क्रॅडॉकने स्वतःच्या हाताने चढवून घेतली.

पर्सी खुर्चीत बसला. सगळे गप्प झाले. आणि मग, त्याच्या अगदी पाठीमागून...

ठक... ठक...

पर्सीच्या अंगावर काटा आला. पण त्याने मागे वळून पाहिलं नाही. दात आवळले आणि हसला.

पडद्यावर म्हातारा मुलीकडे बघतो. मग हळूच तोंड फिरवतो, सरळ आपल्याकडे बघतो...

आणि मान हलवतो. नाही.

डल्सी किंचाळून बाहेर पळाली. पर्सीने मान हलवली नव्हती. तिथे हजर असलेल्या कोणीही शपथेवर सांगितलं असतं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. गसची मेल्यावरही गेली नव्हती.

क्रॅडॉक बधला नाही. तोही तसलाच. "उद्या दुपारी शेवटचं, होड. हसणारा म्हातारा मला फितीवर दिसला पाहिजे. नाहीतर नाव विसरा, आणि इथलं कामही विसरा."

पर्सी डब्यात गेला आणि दार लावून घेतलं. भ्यायला होता का? होता. पण त्याहून जास्त चिडला होता. रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहून त्याने तोंड सोडलं.

"कुणाला घाबरवतोस रे? तुझ्यापेक्षा चांगली भुतं मी केलीत. जन्मभर लोकांच्या दाढ्या लावून मागे उभा राहिलो. आता कुठे माझं नाव लागतंय, तर मेल्यावरही आडवा येतोस? लाज नाही वाटत?"

उत्तर आलं नाही.

"बोल ना. जिवंत होतास तेव्हा तोंडाचा पट्टा बंद नव्हता."

काही नाही. फक्त खुर्ची... कोणीतरी बसताना करकरते तशी करकरली.

पर्सी रात्रभर जागा होता. सकाळी उठला तो थेट गसच्या घरी गेला, त्याच्या बायकोकडे. नेल अंगणात चादरी वाळत घालत होती.

"तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्या वाटेतून बाजूला हो म्हणावं," पर्सी म्हणाला.

नेलने चिमटा तोंडातून काढला. "जिवंतपणी त्याने माझं कधी ऐकलं नाही. आता ऐकणार आहे का? आत ये. केक केलाय."

पर्सीने तिला सगळं सांगितलं. भांग, आवाज, मान. ती घाबरली नाही, रडलीही नाही. चहा ओतत राहिली.

"तुला ठाऊक आहे का तो हसत का नाही?" तिने विचारलं.

"हट्ट. दुसरं काय."

"लढाईवरून आमचा टॉम परत आला तेव्हाचं सांगते. पोरगा गेला असंच आम्ही धरून चाललो होतो. तार आली होती ना तशी. आणि एक दिवस दार वाजलं. गसने उघडलं. दारात टॉम."

पर्सीने कप खाली ठेवला.

"हसला नाही रे तो. नुसता बघत राहिला. किती वेळ, देव जाणे. मग म्हणाला, बूट बाहेर काढ, घरात वाळू येते."

खिडकीतून लांबवर स्टुडिओची काच चमकत होती. ऊन चांगलं पडलं होतं. आता त्याने निघायला हवं होतं. दाढी लावायलाच किती वेळ जातो.

"उशीर होईल तुला," नेल म्हणाली.

"होऊ दे."

"नाव जाईल तुझं."

"ते माझं नव्हतंच," पर्सी म्हणाला. "तो म्हातारा हसणार नाही. गस बरोबर होता, मेला हट्टी. मी नाही करत ते काम. क्रॅडॉकला काय करायचंय ते करू दे."

तो जागचा हलला नाही. नेलने त्याच्यापुढे आणखी केक ठेवला. दोघं बराच वेळ गसला शिव्या देत बसली आणि मध्येच दोघांनाही रडू आलं.

दुपार कलली तेव्हा दारावर थाप पडली.

लेन होता. मागे क्रॅडॉक, आणि डल्सी. तिघांचेही डोळे लाल.

"मिस्टर होड!" लेनने त्याचे दोन्ही हात धरले. "काय केलंत हो हे! आणि दाढी इतक्यात काढलीत पण?"

पर्सीला कळेना. "कसली दाढी?"

"होड," क्रॅडॉक म्हणाला, "मी हरलो. तुम्ही हसला नाहीत तेच योग्य होतं. मी थांबा म्हणायलाही विसरलो. फीत संपेपर्यंत हा लेन हँडल फिरवत राहिला. असं काम मी जन्मात पाहिलं नाही."

"तुम्ही माझा हात धरलात ना," डल्सी म्हणाली, "तेव्हा मला माझे वडील आठवले. मग तुम्ही उठून त्या दारातून गेलात. तिथे मागे तर नुसत्या फळ्या रचल्यात. गेलात कुठून, हेच आम्ही शोधत होतो."



"हा सकाळपासून इथेच आहे," नेल शांतपणे म्हणाली. "माझा अख्खा केक संपवला त्याने."

लेन मटकन पायरीवर बसला. डल्सीने आपला उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला, आणि मग तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

क्रॅडॉकच मात्र सावरला. व्यापारी माणूस. "हे बघा होड, काय झालं ते आपण चौघा-पाचांतच ठेवू. जगाला काय कळतंय? काम तुमचं. नाव तुमचं, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत."

पर्सीच्या आयुष्यात असं कोणी त्याला पहिल्यांदाच म्हणत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. नेल त्याच्याकडे बघत होती. तिने काहीही सुचवलं नाही.

"तो मी नव्हतो," पर्सी म्हणाला.

"वेडेपणा करू नका."

"नाव गसचं लावा. नाहीतर मी वर्तमानपत्रात जाऊन सांगेन की शेवटचा प्रसंग मी केलेला नाही, ही बाई साक्षीला आहे. मग कोणी केला ते तुम्ही लोकांना समजावून सांगा."



फलकावर गसचं नाव लागलं. सगळ्यात वर. मेलेल्या माणसाचं नाव बघूनही लोकांनी रांगा लावल्या, नेलने पहिल्या रांगेत बसून पाहिलं. पर्सीला त्या स्टुडिओने पुन्हा कधी बोलावलं नाही. दुसरीकडे त्याने आणखी पुष्कळ बटलर केले, पाद्री केले. त्याचं स्वतःचं नाव शेवटपर्यंत लागलं नाही.

म्हातारपणी तो आमच्या मागच्या खोलीत राहायचा. मी त्याला विचारलं होतं, "मामा, तुला भीती नाही वाटली?"

"भीती? राग आला मला," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगलं केलं त्याने."

तो सिनेमा पुढे हरवला. पण परवा कळलं, शेवटचा तुकडा कुठल्याशा पेटीत सापडलाय आणि ब्रायटनला दाखवणार आहेत. मी गेले. तिकीट काढलं. दारापर्यंत पोचले...

आणि परत फिरले.

आत गेले असते आणि पडद्यावर पर्सीमामा दिसला असता, तर तो खोटारडा ठरला असता. त्याचे डोळे, त्याचे हात मी दाढीआडूनही ओळखते. ते मला चाललं नसतं.

आणि नसता दिसला, तर...

मला घरी एकटीलाच झोपायचं असतं हो.