सहाव्या दिवशीचा फोटो

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मनस्विनीचा मोबाइल वाजला. गुंडूचा फोटो आला होता. सहावा.

पांढराशुभ्र केसाळ कुत्रा, जीभ बाहेर, उंबऱ्यासमोर ऐटीत बसलेला. खाली रघुपती अण्णांचा रोजचा मजकूर : 'आज सहावा दिवस. गुंडू छान आहे. इडली खाल्ली. काळजी नको.'

रोज हा फोटो पाहिला की तिला सुटल्यासारखं वाटायचं. आज वाटलं नाही.

गुंडूच्या मागे रांगोळी होती. आधीच्या फोटोंत तिची नुसती गोलाई दिसायची. आजचा फोटो जरा लांबून काढलेला होता, आणि त्या गोलाईचं चाक झालं होतं. चाकावर रथ, रथापुढे घोडे, वर सूर्य.

तिने आधीचे पाचही फोटो मोठे करून पाहिले. सगळ्यांत तेच चाक. एका आऱ्यावर पाय पडून फिसकटलेली तीच जागा.

रथसप्तमी रविवारी झाली. वेदिकाला इजा झाली ती त्यानंतरच्या बुधवारी.

"रवी, हे सगळे फोटो एकाच दिवसाचे आहेत. बुधवारच्या आधीचे."

रविकिरण ऑफिसच्या कॅबसाठी बूट घालत होता. व्हाइटफील्डला दहाच्या आत पोचायचं होतं. "मनू, प्लीज. अण्णा कशाला खोटं बोलतील? कुत्र्याला लस दिलेली आहे. कार्ड पाहिलंस ना तू?"

"कार्ड पाहिलं. कुत्रा कुठे पाहिला?"

त्याने नाडी सोडली आणि बूट काढून ठेवला.

आतल्या खोलीत तीन वर्षांची वेदिका झोपली होती. मनस्विनीने तिचं कपाळ चाचपलं. सहा दिवसांत असं किती वेळा केलं, ते तिचं तिलाच माहीत. ताप नव्हता. पिंढरीवरची जखमही जवळजवळ भरली होती. तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती. वरून सगळं बरं दिसत होतं.

वसुमती अक्का आणि रघुपती अण्णा दोन गल्ल्या सोडून राहायचे, बसवनगुडीतच. पिढ्यान्‌पिढ्या इथलं घर. मराठी मुलांची मराठी सुटू नये म्हणून अक्का रोज सकाळी गोष्टी आणि श्लोकांचा वर्ग घ्यायच्या. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्या बनशंकरीला गेल्या होत्या आणि वर्ग अण्णा सांभाळत होते. बुधवारी दुपारी तेच वेदिकाला कडेवर घेऊन आले. ती रडत होती. अंगात दुसऱ्याच कुणाची तरी पँट.

"गुंडूचं नख लागलं गं. स्वल्प खरचटलंय. पँट भिजली म्हणून नातीची घातली."

वेदिकाला काहीही विचारलं तरी एकच उत्तर. "भूभू."

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी नळाखाली पंधरा मिनिटं साबणाने जखम धुवायला लावली. मग विचारलं, "दात की नख? रक्त आलं होतं?" अण्णांनी सांगितलेलं तिने तसंच्या तसं सांगितलं. नख. रक्त नाही. त्यावर डॉक्टरांनी रेबीजची लस सुरू केली आणि म्हणाले, "कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. बांधून, घरातच. आजारी पडला, मेला, दिसेनासा झाला, तर त्याच क्षणी इथे या. जखमेत द्यायचं आणखी एक इंजेक्शन असतं. ते पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आतच देता येतं. नंतर उपयोग नाही."

सात दिवस उद्या भरत होते.

"तू वेदिकाला उठव, कपडे घाल आणि माझ्या फोनची वाट बघ," ती रविकिरणला म्हणाली आणि चपला अडकवून निघाली.

अण्णांचं फाटक उघडंच होतं. उंबऱ्यासमोर ओली जमीन आणि त्यावर चार ठिपक्यांची इवलीशी रांगोळी. घरकाम करणारी शिवलीला पायऱ्या पुसत होती. बेळगावकडची, त्यामुळे मराठी चांगलं बोलायची.

"ही रांगोळी कोणी काढली?"

"मीच की. अक्का येईस्तोवर मी आपली येवढीच काढती."

"रथ कुणी काढला होता?"

"अक्कांनी, रथसप्तमीला. दुसऱ्या दिवशी सोमवारी मीच पाणी टाकून धुतला."

"आणि गुंडू कुठाय?"

शिवलीलाने फडकं पिळलं. "ते अण्णांना इचारा, बाई. दूध आणाय गेल्यात."

मनस्विनी घराच्या बाजूच्या बोळातून मागे गेली. गुंडूची साखळी खिळ्याला टांगलेली होती. त्याचं भांडं कोरडं. मेला, तिच्या मनात आलं. मेला आणि हे लपवताहेत.

तेवढ्यात धुण्याच्या दगडाखाली तिला एक बशी दिसली. लहानशी, स्टीलची. तळाशी वाळलेली साय, तिला मुंग्या लागलेल्या. गुंडूचं तोंडसुद्धा तिच्यात मावलं नसतं.

"ही कुणाची?"

"पिल्लाची. तांबडं हुतं एक. फाटकाखालनं यायचं. शुक्रवारपासनं दिसलं न्हाई."

पुढचा प्रश्न विचारूच नये असं तिला वाटलं. तरी तिने विचारला.

"बुधवारी वेदिकाची पँट तुम्ही धुतलीत?"

"व्हय. मिठाच्या पाण्यात घालून. रक्ताचा डाग हो, तसाच धुतला तर जात न्हाई."

मनस्विनी तिथेच दगडावर बसली. तिने अक्कांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अक्का, गुंडू कुठे आहे?"

"हा काय, माझ्या पायाशी लोळतोय. रथसप्तमीच्या रविवारी येताना माझ्याबरोबरच आणलं की त्याला. का गं? अण्णा बोलले नाहीत काय?"

फाटक वाजलं. धोतराचा सोगा सावरत, दुधाच्या पिशव्या घेऊन अण्णा बोळातून येत होते. तिला पाहून हसले. "काय गं, एवढ्या सकाळी? वर्ग दहाला."

"अण्णा, वेदिकाला कोण चावलं?"

"चावलं कुठे? गुंडूचं नख..."

"गुंडू रथसप्तमीपासून बनशंकरीला आहे."

अण्णांचं हसू गेलं. "सरी, सरी, बरोबर आहे. माझा दिवसाचा घोटाळा झाला असेल."

"घोटाळा नाही. मघापर्यंत मला वाटत होतं, गुंडू मेला आणि तुम्ही ते लपवताय. पण गुंडू ठणठणीत आहे, तो बुधवारी इथे नव्हताच. रथसप्तमीला सकाळी तुम्ही त्याचे फोटो काढलेत आणि त्यांतला एकेक मला रोज पाठवलात. बुधवारी इथे होतं ते तांबडं पिल्लू. त्याच्या गळ्यात पट्टा नाही, लस नाही, कार्ड नाही. म्हणून तुम्ही गुंडूचं नाव पुढे केलंत. आणि नख नव्हतंच. नखाने खरचटलं असतं तर पँटला रक्ताचा डाग कशाला पडला असता? तो धुवून निघावा म्हणून तुम्ही तिला नातीची पँट घातलीत. रक्त आलं होतं ना, अण्णा?"

"बारीकसं..."

"आलं होतं का?"

"दोन थेंब. मी लगेच पुसलं."

फोनमधून अक्कांचा आवाज आला. "अहो, काय केलंत हे?"

अण्णांनी दचकून फोनकडे पाहिलं. मग दुधाच्या पिशव्या दगडावर ठेवल्या आणि भिंतीला टेकले.

"वसूनं बजावलं होतं, मुलं असताना पिल्लाला आत घ्यायचं नाही. शेजारचे नरसिंह तर रोज भांडतात त्यावरनं. मुलांना जरा दाखवावं म्हटलं. वेदिकानं त्याची शेपटी धरली, झालं. गुंडूचं कार्ड घरात होतं. त्याचं नाव सांगितलं तर तू घाबरणार नाहीस असं वाटलं."

"मी घाबरले असते, अण्णा. घाबरून डॉक्टरांना खरं सांगितलं असतं. पिल्लू कुठाय?"

ते दुधाच्या पिशव्या उचलायला वाकले.

"अण्णा!"

"गुरुवारी कोपऱ्यात जाऊन बसलं. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. भूक लागली असेल म्हणून दूध दिलं, तर गिळता येईना. शुक्रवारी सकाळी..." त्यांनी सीताफळाच्या झाडाकडे बोट केलं. तिथली माती उकरलेली दिसत होती.

"आणि त्यानंतरही 'इडली खाल्ली' म्हणून कळवत राहिलात?"

"पहिला फोटो पाठवला. मग थांबता येईना गं."

तिला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. त्याऐवजी तिने रविकिरणला फोन केला. "वेदिकाला घेऊन मोठ्या हॉस्पिटलला ये. आत्ता. पिल्लू होतं, मेलंय. ते दुसरं इंजेक्शन आज मिळायलाच हवं." मग अक्कांना म्हणाली, "वर्गातल्या सगळ्या आयांना फोन करा. पिल्लाला कुणी कुणी हात लावला, विचारा."

"लावते गं. आत्ताच लावते," अक्का म्हणाल्या.

मनस्विनी निघाली आणि बोळाच्या तोंडाशी थबकली.

"दूध कशाने दिलंत त्याला?"

"बोटानं. चाटवून बघितलं."

ती परत आली. त्यांनी हात पाठीमागे नेला. तिने तो ओढून पुढे घेतला. उजव्या हाताच्या तर्जनीवर दोन काळपट खपल्या होत्या, शेजारी शेजारी.

"अडुसष्ट वर्षं झाली मला," अण्णा पुटपुटले. "माझं राहू दे. तू पोरीचं बघ."

"रिक्षात बसा."

"अगं..."

"बसा म्हणते ना!"

हॉस्पिटलात रविकिरण आधीच पोचला होता. वेदिका त्याच्या खांद्यावर जांभया देत होती. मनस्विनीने तिला घेतलं आणि घट्ट धरलं. वेदिका अण्णांकडे पाहून हसली आणि तिने हात हलवला. अण्णांनी मान खाली घातली.

खिडकीमागच्या बाईंनी हिंदीत विचारलं, "कोणता प्राणी? निरीक्षणाखाली आहे?"

"कुत्र्याचं पिल्लू. भटकं. शुक्रवारी मेलं. लाळ गळत होती."

बाईंनी ते लिहून घेतलं. "लस कधी सुरू केली?"

"मागच्या बुधवारी. आज सहावा दिवस."

"मग वेळेत आहात. जखमेतलं इंजेक्शन आजच होईल. पेशंट एकच?"

अण्णा मागच्या मागे दाराकडे सरकत होते. मनस्विनीने न वळताच त्यांच्या सदऱ्याची बाही पकडली.

"दोन," ती म्हणाली. "आधी मुलगी. मग हे आजोबा. यांना तर अजून एकही लस दिलेली नाही."