लाल फुलीपासून बर्फापर्यंत

हिमनदी जिथे एके काळी संपत होती, तिथे एका काळ्या खडकावर लाल रंगाची फुली मारलेली आहे. त्या फुलीपासून बर्फाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि तो आकडा घेऊन घरी यायचं, एवढंच या मोहिमेचं काम होतं.

ऐकायला सोपं. पण फुलीपर्यंत पोचायला दोन दिवसांची चढण, एक ओढा आणि घसरत्या दगडांचा लांबलचक पसारा ओलांडावा लागे. तेही पहिला मोठा बर्फ पडण्याच्या आत. एकदा ताजा बर्फ पडला की जुन्या बर्फाची कड त्याखाली गडप व्हायची, आणि त्या वर्षाचा रकाना कोरा राहायचा.

सत्तावीस वर्षं बाबांनी एकही रकाना कोरा राहू दिला नव्हता. हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत दर वर्षाची एक ओळ होती: तारीख, अंतर, शेरा. पहिल्या वर्षी अकरा मीटर. गेल्या वर्षी तीनशे सहा. शेरा मात्र सत्तावीसही वर्षं एकच: 'थंडी फार.'

यंदा बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि वही धाकट्या मुलीकडे आली. ती वजन-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तराजूचा काटा केसभर हलला तरी तिला दिसायचा, म्हणून घरात तिला सगळे 'मिलिमीटर' म्हणत. घाईत असले की नुसतं 'मिली'. मिलीला भीती एकाच गोष्टीची होती. अठ्ठाविसावा रकाना आपल्या हातून कोरा राहिला तर?

टेपचं दुसरं टोक धरायला मामा तयार झाला. मामाची बेकरी होती. "आयुष्यभर भट्टीपुढे शेकलो," तो म्हणाला, "आता जरा गारव्याला जाऊ."

निघण्याआधी दोघं आतून घालायचे उबदार कपडे घ्यायला गेले. दुकान अरुंद होतं. छतापर्यंत खोकी रचलेली, मागे एक पडदा, आणि गळ्यात शिंप्याची टेप अडकवलेली दुकानदारीण.

"थर्मलचा जोड जरा ऐसपैस द्या हो," मामा म्हणाला. "आत हवा खेळती राहिली पाहिजे."

"खेळती हवा घरात ठीक आहे," ती म्हणाली. "इथे अंगालगत अडकलेली हवाच ऊब धरते. ढगळ घातलंत तर पाऊल टाकाल तसा भाता चालल्यासारखा वारा आत-बाहेर करेल. शिवाय कापड कातडीला टेकलंच नाही, तर घाम कसा टिपेल?"

"मग घट्ट द्या, एकदम आवळून!"

"घट्टही नको. रक्त फिरायला नको का? जा, घालून बाहेर या."

मामा पडद्याबाहेर आला तेव्हा मिलीनं हसू दाबलं. दुकानदारीण अजिबात हसली नाही.

"हात वर करा. पाठ उघडी पडली? नाही ना. आता उकिडवे बसा. ताण कुठे येतोय?"

"पोटावर."

"पोट आत ओढलंयत म्हणून. सोडा ते. डोंगरावर दिवसभर थोडंच ओढून धरणार आहात?"

मामानं पोट सोडलं. तिनं पुढचं माप काढून दिलं. मग मिलीची पाळी आली. चिमटीत कापड यावं, मुठीत येऊ नये. मनगट आणि घोटा झाकला जावा. सॅकचा पट्टा टेकतो तिथे खांद्यावर शिवण नसावी. मिली वळून आरशात पाहू लागली.

"आरशात काय बघता, ताई? आरशाला थंडी वाजत नाही. पायरी चढल्यासारखा गुडघा वर घ्या. हं, आता बरोबर."

माप नेमकं बसलं होतं. मिली खूश झाली.

पण निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली. डांबरगोळ्यांच्या वासातून राखाडी लोकरीचा एक जोड बाहेर आला.

"सत्तावीस वर्षं हाच होता अंगावर," बाबा म्हणाले. "तू घालशील?"

नाही म्हणायला मिलीची जीभ रेटली नाही. नवा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं सॅकच्या तळाशी टाकला, आणि बाबांचा घातला. बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. कमरेला नाडी बांधावी लागली. दिवसभर लोकांचे तराजू नापास करणारी बाई मूठभर ढगळ कपडे घालून निघाली!

डोंगराच्या पायथ्याशी वाटाड्या थांबला होता. दहा वर्षं तो बाबांबरोबर वर जात होता. मिलीच्या मनगटाशी दिसणारी राखाडी लोकर त्यानं पाहिली.

"हा जोड मी ओळखतो," तो म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

पहिला दिवस बरा गेला. ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारताना विजार गुडघ्यामागे गोळा होई आणि मिलीचं पाऊल वीतभर तोकडं पडे. एकदा बूट पाण्यात गेलाच. "मिलिमीटर, वीतभर चुकलीस!" मामा ओरडला. संध्याकाळी दगडी निवाऱ्यात तिघांनी सूप प्यायलं. मामानं स्वतःच्या भट्टीतले टोस्ट काढले. बाहेर आभाळ स्वच्छ होतं आणि दूरवर हिमनदी संध्याप्रकाशात फिकट निळी दिसत होती, एखाद्या मोठ्या जनावरानं दरीत जीभ सोडून स्वस्थ पडून राहावं तशी.

सकाळी वाटाड्यानं ढगांकडे बोट दाखवलं. "धुकं येणार. दोनच्या ठोक्याला परत फिरायचं. मोजणी झाली असो वा नसो."

घसरत्या दगडांची चढण सुरू झाली. मिलीला घाम फुटला. लोकर पाठीपासून सुटलेली होती. घाम टिपला जाईना, नुसता ओघळत राहिला. पट्ट्याखाली कापडाच्या घड्या जमून कंबर सोलवटली. हात वर केला की पाठ उघडी पडे आणि वारा थेट आत शिरे.

मग बर्फाची एक तिरपी पट्टी आली. वीसेक पावलांची. वाटाड्यानं तिघांना दोर बांधला. तो पार गेला. मिली निघाली. पाचवं पाऊल. सहावं. सातव्याला गुडघा वर उचलायचा होता. विजारीचा लोंबता घोळ मांड्यांत अडकला. पाय अर्ध्यातच थांबला.

ती घसरली!

दोर ताणला. पुढे वाटाड्यानं टाचा रोवल्या, मागे मामा बर्फात बसकण मारून दोराला लटकला. मिली पाचसहा हात खाली जाऊन थांबली. हातातल्या बर्फाच्या कुऱ्हाडीचं टोक रोवत, एकेक खाच करत ती वर आली आणि पट्टीपार गेली; मागून मामाही आला. खरचटलं काहीच नव्हतं. पण थांबल्याबरोबर अंगातला घाम गार पडला आणि तिला हुडहुडी भरली. दातावर दात आपटू लागले.

फुलीचा खडक समोर शंभर पावलांवर दिसत होता. बारा वाजले होते.

"मी बरी आहे. च-चला," ती म्हणाली.

वाटाड्या तिच्याकडे पाहत राहिला. "ताई, थंडी डोक्यात शिरली का बघू. शंभरातून सातसात वजा करत जा."

"त्र्याण्णव. शहाऐंशी." ती थांबली. "अठ्ठ्याहत्तर."

मामाचा चेहरा उतरला. "मिली, एकोणऐंशी," तो हळूच म्हणाला. सात वर्षांची असल्यापासून बेरजा-वजाबाक्यांत मामाला हरवणारी पोर, आज तिची चूक तो सुधारत होता.

"ऐका," वाटाड्या म्हणाला. "चालताना हा जोड एक वेळ चालतो. पण मोजायला तासभर वाऱ्यात उभं राहायचंय. भिजलेल्या, ढगळ कपड्यांत नाही. बदला, नाहीतर इथून परत."

"बाबांनी सत्तावीस वर्षं..."

"तुमच्या बाबांनी काय केलं ते मी दहा वर्षं पाहिलंय. ऐकायचे नाहीत. तुम्ही ऐका."

परत म्हणजे कोरा रकाना. तिनं सॅकच्या तळातून पिशवी काढली. एका मोठ्या खडकाआड मामानं ताडपत्री धरली आणि तोंड दरीकडे केलं.

"लवकर आवर गं. माझे हात गोठले तर उद्यापासून पावाचं पीठ कोण मळणार?"

कोरडं कापड अंगभर सरळ बसलं. बाही मनगटापर्यंत, कमर कमरेपाशी. वरून जाकीट चढवून तिनं गरम पाणी प्यायलं, जागच्या जागी गुडघे उचलले. पाचसात मिनिटांत ऊब आली, आणि आलेली राहिली.

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट..."

"पुरे!" वाटाड्या पहिल्यांदाच हसला.

ओला जोड मामानं खडकावर वाळत टाकला होता. तो एव्हाना गोठून फळीसारखा ताठ झाला होता. मामानं विजार उभी केली तर ती तशीच उभी राहिली! "घ्या, चौथा गडी आला," तो म्हणाला.

मोजणी सुरू झाली. पोलादी टेप पन्नास मीटरची. सहा वेळा पूर्ण लावायची आणि उरलेलं सातव्यांदा. मिलीनं तापमान टिपलं: उणे नऊ. टेप थंडीत आखडते, तीनशे मीटरमागे दहाएक सेंटिमीटर, तेवढी दुरुस्ती नंतर करायची. ती प्रत्येक खुणेवर वाकली, उठली, थांबली, आकडा दोनदा वाचला. बोटं गार होती, पण डोकं स्वच्छ होतं. पहिलं माप: तीनशे अठरा मीटर चाळीस. परत येताना दुसरं: तीनशे अठरा बासष्ट.

"तिसऱ्यांदा," मिली म्हणाली.

टेप तीनदा लावून झाली आणि धुकं उतरलं. आधी मामा दिसेनासा झाला, मग टेपचं टोक. घड्याळात पावणेदोन.

मिलीच्या हातात एकशे पन्नास मीटरची खूण होती. अजून पंचवीस मिनिटं मिळाली असती तर! तिनं धुक्याकडे पाहिलं. बर्फाची ती पट्टी पुन्हा ओलांडायची होती.

"मामा, टेप गुंडाळ," ती म्हणाली. "दोन पुरे."

परतताना त्या पट्टीवर सातवं पाऊल तिनं पूर्ण उचललं. दोर ढिलाच राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा खिडकीपाशी पाय लांब करून बसले होते. मिलीनं वही त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"दोनदाच मोजता आलं, बाबा. तिसऱ्यांदा धुकं आलं. आणि... तुमचा जोड मी वर बदलला."

बाबांनी वही उघडली.

"दोनदा मोजलंस?" ते म्हणाले. "मी दर वर्षी एकदाच मोजलं. नुसते पूर्ण आकडे लिहिले. दात इतके वाजायचे की टेपवरच्या बारीक रेघा दिसायच्याच नाहीत."

"मग तो जोड घालत का होतात, दाजी?" मामानं विचारलं.

"माझ्या आईनं घेतला होता. पहिल्यांदा निघालो तेव्हा. म्हणाली, जरा मोठाच घेतलाय, वाढत्या अंगाचा. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो." बाबा हसू लागले. "तिला नाही कसं म्हणणार?"

मामा हसता हसता खुर्चीत मागे रेलला. "मग वाढलात का?"

बाबांनी वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवलं, अकरापासून खाली खाली. "मी नाही," ते म्हणाले. "हे वाढलं." आणि पेन मिलीकडे दिलं.

मिलीनं तारीख लिहिली. दोन्ही मापं लिहिली, दुरुस्तीसकट. मग शेऱ्याच्या रकान्याशी ती थांबली. वर सत्तावीस ओळी एकाखाली एक: थंडी फार, थंडी फार, थंडी फार.

तिनं सावकाश लिहिलं: 'तापमान उणे नऊ. थंडी बेताची.'