साडेसहाची बस आणि आठ कॉलमी मथळा

शिवकन्येला सत्यमकडून हवी होती फक्त एक बातमी. ती छापून आली असती तर वाडीची बंद पडलेली सकाळी साडेसहाची बस सुरू झाली असती, आणि सोमवारपासूनची नर्सिंगची परीक्षा बीडला वेळेत गाठता आली असती. बदल्यात जाणार होतं एक हसू – तेही तिनं अर्धंच द्यायचं ठरवलं होतं. सौदा चोख होता. प्रेमाचं कलम त्यात कुठंच नव्हतं.

सत्यम तेलगावच्या स्टँडसमोर बीडचं एक दैनिक विकायचा, आणि आसपासच्या गावांच्या बातम्याही त्यालाच पाठवायचा. टपरीपुढच्या फळ्यावर रोजची मोठी बातमी खडूनं लिहायची, हा त्याचा नेम. सीमेवर तणाव वाढला, तसं त्या फळ्यावर दुसरं काही उमटलंच नाही.

त्या सकाळी वावटळ उठली, गठ्ठ्यातला एक पेपर उडाला, आणि बीडची गाडी पकडायला वाडीहून चार किलोमीटर चालत आलेल्या शिवकन्येनं तो पायाखाली दाबून धरला.

“ओ… लढाऊ विमानावर पाय दिलात तुमी!”

“मग काय करू? आमची बस तर कवाच उडून गेली.” तिनं पेपर झटकून हातात दिला. वर ठरलेलं अर्धं हसू. “तिचं बी छापा की पहिल्या पानावर.”

सत्यमनं हसू पूर्ण धरलं. हिशेबात कच्चा गडी!

त्यानं बातमी तीनदा पाठवली. तिसऱ्यांदा शिवकन्या पुढ्यातच उभी होती, म्हणून त्यानं फोन मुद्दाम मोठ्यानं लावला. पलीकडून संपादक विजयसिंह करवादले, “अरे बाबा, पहिल्या पानावर क्षेपणास्त्रं, आतल्या पानावर रणगाडे. तुझ्या बसला जागा कुठनं आणू? लोकांना सध्या युद्धाशिवाय काही गोड लागत नाही. तोफ बसव तिच्यावर, मग पाठव!”

“युद्ध सुरू झालंय का पण?” शिवकन्येनं विचारलं.

“न्हाई अजून. पेपरात झालंय.”

ती रोज बातमीचं विचारायला थांबायची. तो रोज माठातलं पाणी पुढं करायचा. चौथ्या दिवशी पेला नवा होता… तिनं तो फिरवून पाहिला.

“सगळं गाव मला आत्तापास्नंच सिस्टर म्हणतंय. तुमीच कावून म्हणत न्हाई?”

सत्यम बोटांत खडू फिरवत राहिला. “ते – ते सोडून काय बी सांगा.”

शुक्रवारी वाडीतच गाठ पडली. सुट्टीवर आलेल्या वाडीच्या जवानाला, भारतला, पलटणीतून तातडीचं बोलावणं आलं होतं. पेटी घेऊन तो पारावर उभा, आणि बस नाही. पेपर टाकायला आलेल्या सत्यमनं गठ्ठा शिवकन्येच्या ओंजळीत टाकला, भारतला मोटारसायकलवर घेतलं आणि थेट बीडच्या वाटेला लागला. शिवकन्येनं पारावर बसून सगळे पेपर विकले. एकही उरवला नाही.

शनिवारी आठ कॉलमी मथळा आला – ‘बस नाही, देशाच्या हाकेला जवान उन्हात धावत निघाला!’ दुपारपर्यंत डेपोनं सोमवारपासून बस सुरू केल्याचं जाहीर केलं.

शिवकन्या टपरीवर आली ती बिनहसूची.

“पत्रकार, तुमची मोटारसायकल कुठं गेली बातमीतून?”

“मी खरं तेच धाडलं होतं. पळणं बीडच्या हापिसात जोडलं.”

“भारतदादाच्या आईनं, भिवराबाईनं, सकाळधरनं घास घेतला न्हाई. पोरगं लढाईला निघालं आन् त्याला उन्हात पळवलं म्हणून. मी लई सांगितलं. तर म्हणती, पेपरात खोटं छापतेत व्हय?”

सत्यम हळूच म्हणाला, “खरं लिहिलं तर बस थांबंल, शिवकन्या. तुमची परीक्षा…”

तिलाही ते ठाऊक होतं. तिनं एकदा रस्त्याकडं पाहिलं – सगळा रखरखीत.

“चार किलोमीटर हाय. चालीन मी.”

त्यानं फोन लावला. विजयसिंह म्हणाले, युद्धाच्या तोंडावर खुलासे कोण छापतं? गप राहा, नाहीतर ओळखपत्र परत आणून दे.

सत्यमनं फोन ठेवला, फडकं ओलं केलं आणि फळ्यावरचं युद्ध पुसलं. ‘भारत धावला नाही. मी त्याला मोटारसायकलवर बीडला सोडलं. पेपरातलं चूक आहे. – सत्यम.’ शिवकन्येनं फळ्याचा फोटो काढला आणि भिवराबाईला वाचून दाखवला. खुद्द पेपरवालाच म्हणतोय म्हटल्यावर म्हातारीनं भाकरी मोडली.

सोमवारी साडेसहाला बस आली. डेपोवाल्यांनी पेपर वाचला होता, फळा नाही!

सत्यम बसमध्ये शिवकन्येच्या शेजारी येऊन बसला. खिशात परत करायचं ओळखपत्र.

“आता बातम्या कुठं देणार?”

“फळा हाय की. तिथलं पहिलं पान माझंच.”

“उद्या काय लिहिणार मग?”

“एक हाय… पण आधी तुमी वाचा. छापायची का न्हाई, तुमीच ठरवा.” त्यानं तळहात उघडला. खडूनं नुसतं ‘शिवकन्या’ लिहिलेलं, घामानं निम्मं पुसलेलं.

तिनं त्याची मूठ अलगद मिटवली. हात मात्र काढला नाही.

“हे फळ्यावर नको,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “आतल्या पानावर राहू दे.”

कंडक्टर आला. सत्यमचा हात खिशाकडं जायच्या आत तिनं नोट पुढं केली. “बीड. एक बाईचं अर्धं, एक पूर्ण.”

एवढ्या सगळ्यात वाडीला बस मिळाली आणि पेपरला मथळा. सत्यमच्या हातचं काम गेलं. भुर्दंड त्या एकट्यानं सोसला. तिकिटं मात्र शिवकन्येनं काढली, आणि या खेपेला हसूही अर्धं ठेवलं नाही.