चंद्रावरून उडवलेलं विमान

आईने अकराव्यांदा विमान पाडलं.

खरं विमान नव्हे. खरं विमान अर्धवट अवस्थेत तनूच्या कपाटावर, आईच्या जुन्या ओढणीखाली झाकलेलं होतं. पडलं ते पडद्यावरचं, सरावासाठीचं विमान. आधी ते थोडं डावीकडे कललं, मग त्याहून जास्त उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे आणि शेवटी नाक खाली घालून हिरव्या गवतात घुसलं.

"जाऊ दे तनू," पडद्याच्या कोपऱ्यातली आई म्हणाली. तिने हसायचा प्रयत्न केला. "माझे हातच विसरलेत बहुतेक. विमान तूच उडव. मी बघेन."

मग दर रविवारची, बोलण्यासाठी मिळणारी चाळीस मिनिटं संपली आणि आईचं चित्र गेलं.

तनूची आई, अरुंधती परब, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावर बर्फ खणणारी यंत्रं सांभाळायची. जाण्याआधी तिने दोन मीटर पंखांचं, रेडिओवर चालणारं विमान बनवायला घेतलं होतं. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या तिने स्वतः कापल्या होत्या आणि त्यांवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : 'इथे डिंक कमी', 'तनू, ही बाजू वर'. दिवाळीत ती परतली की दोघी मिळून ते पुरं करणार होत्या आणि पहिलं उड्डाणही मिळूनच करणार होत्या. पण दिवाळी आली आणि गेली. परतीचं यान तयार व्हायला उशीर होत होता. आता पुढचा नोव्हेंबर म्हणत होते. तेव्हा तनूनेच सुचवलं होतं, की विमान इथे उडू दे आणि आईने ते तिथून चालवावं.

आता आईच माघार घेत होती.

तनूला रडू येत होतं, पण त्याहून जास्त तिला कोडं पडलं होतं. आई वीस वर्षं अशी विमानं उडवत आली होती. वारा असताना, संध्याकाळी अंधारून येताना तिने ती अलगद उतरवली होती. चंद्रावरून संदेश यायला उशीर लागतो हे तनूला माहीत होतं. आठ महिने ती त्या उशिरातूनच आईशी बोलत होती. पण तीन सेकंद म्हणजे काय? तेवढ्या वेळात फार तर एक शिंक होते. तेवढ्यासाठी विमान दर वेळी पडावं?

ती तडक हमीदाखालांकडे गेली. हमीदा मुजावर आयुष्यभर मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणींवर काम करून आता गावी, विजयदुर्गच्या खाडीजवळ येऊन राहिल्या होत्या. तनू आली तेव्हा त्या अंगणात कोकमं वाळत घालत होत्या.

सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "रेडिओलहर एका सेकंदात किती लांब जाते?"

"तीन लाख किलोमीटर."

"आणि चंद्र?"

"तीन लाख चौऱ्याऐंशी हजार." तनूने मनात भागाकार केला. "म्हणजे साधारण एक पूर्णांक तीन सेकंद."

"विमान कललं, हे चित्र आईकडे पोचायला एवढा वेळ. तिने ते सरळ करायची आज्ञा दिली, ती इथे यायला पुन्हा तेवढाच. वाटेतल्या केंद्रांचा वेळ धरला तर झाले तीन. याला विलंब म्हणतात (काहीतरी घडल्यापासून त्यावरचं उत्तर पोचेपर्यंत गेलेला वेळ). तुझं विमान सेकंदाला किती मीटर जातं?"

"बारा."

"मग तीन सेकंदांत?"

"छत्तीस मीटर," तनू म्हणाली. म्हणजे आईची आज्ञा पोचेपर्यंत विमान छत्तीस मीटर पुढे गेलेलं असणार.

"पण पुढे गेलं म्हणून पडायचं का?" तिने विचारलं.

खालांनी हात झटकले. "डोळे मीट. तुला त्या फणसापर्यंत चालत जायचंय. मी सांगेन 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे'. पण माझं ऐकलं की लगेच वळायचं नाही. मनात तीन मोजायचे आणि मग वळायचं. आणि थांबायचं नाही हं. विमान कुठे थांबतं?"

तनू डोळे मिटून निघाली.

"डावीकडे," खाला म्हणाल्या. एक, दोन, तीन. तेवढ्यात पुन्हा आवाज आला, "डावीकडे! अजून डावीकडे!" तनू वळली, पुन्हा वळली, आणखी वळली. "अगं, जास्त झालं! उजवीकडे! उजवीकडे! अजून उजवीकडे!" पण ते ऐकून वळेपर्यंत तिचा पाय सरपणाच्या ढिगात अडकला आणि ती धप्पकन खाली बसली.

"तीन वेळा कशाला सांगितलंत?" गुडघा चोळत ती म्हणाली.

"तू वळतच नव्हतीस ना! मला वाटलं, कमी पडलं. म्हणून पुन्हा सांगितलं. मग तिन्ही आज्ञा एकामागून एक लागू झाल्या. ते चुकलं म्हणून मी उलट ओढलं, तेही तीनदा."

तनू तशीच बसून राहिली. डावीकडे थोडं, उजवीकडे जास्त, पुन्हा डावीकडे त्याहून जास्त. पडद्यावरचं विमान असंच तर पडत होतं.

"म्हणजे आईचे हात विसरलेले नाहीत."

"उलट फार तरबेज आहेत. विमान जरा हललं की लगेच सावरायची सवय आहे त्यांना. तिला हे सगळं डोक्याने कळतं गं, इंजिनिअर आहे ती. पण हात ऐकत नाहीत. आणि बेटा, तिला ते विमान उडवायची किती घाई झाली असेल, तेही बघ."

तनूने मान खाली घातली. घाई आपल्यालाच झालीय, असं ती आठ महिने समजत आली होती.

"पुन्हा चाल," खाला म्हणाल्या.

या वेळी त्या एकदाच "थोडं उजवीकडे" म्हणाल्या आणि गप्प राहिल्या. तनूने तीन मोजले, थोडी वळली आणि सरळ चालत राहिली. बऱ्याच वेळाने आणखी एक आज्ञा आली. मग हाताला फणसाचं खरखरीत खोड लागलं.

"जमलं!"

"का जमलं?"

"तुम्ही थोडंच सांगितलंत आणि वाट पाहिलीत." तनू थबकली. "आणि मधल्या वेळात मी आपली आपण सरळ चालले."

"हं. तू कलंडली असतीस तर माझं वाट पाहणं फुकट होतं. आता तुझ्या विमानाला मधल्या वेळात स्वतःला सावरायला शिकवायचं."

दुसऱ्या दिवशी ओढणी बाजूला झाली. विमान बघून खालांनी ओठ मुडपले. आईने पंख अगदी सपाट ठेवला होता. सपाट पंखाचं विमान चपळ असतं, गिरक्या घेतं, पण कललं की कललेलंच राहतं. मधला सांधा अजून चिकटवलेला नव्हता. तो तिरका घासून दोन्ही पंखांची टोकं थोडी वर उचलली, तर गोष्ट वेगळी होणार होती. "असं विमान एका बाजूला कललं की त्या बाजूला घसरायला लागतं," खालांनी हाताचे दोन्ही पंजे पसरून दाखवलं. "मग खालच्या पंखाला हवा जास्त जोराने लागते आणि तो वर ढकलला जातो. याला म्हणतात स्थैर्य (ढळल्यावर आपणहून मूळ जागी येण्याचा गुण)."

पण सांध्यावर आईची पेन्सिल होती : 'इथे काटकोन, घासू नकोस.'

तनूने पॉलिश पेपर उचलला आणि खाली ठेवला. रविवारपर्यंत तिने त्याला हात लावला नाही.

रविवारी तिने सगळं सांगितलं आणि मग आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. एक, दोन, तीन. आई काहीच बोलली नाही. चार, पाच, सहा. हा विलंब रेडिओलहरींचा नव्हता.

"मी तो पंख कसरतींसाठी केला होता," अखेर आई म्हणाली. "तुला उलटं उडून दाखवणार होते." तिने डोळ्यांवरून हात फिरवला. "घास तनू. माझी अक्षरं गेली तरी चालतील."

पुढचे तीन आठवडे तनू, बाबा आणि खाला कामाला लागले. पंख जोडला, त्यावर पिवळा कागद ताणून बसवला. मग गुरुत्वमध्य पाहायचा होता (ज्या बिंदूवर वस्तूचं सगळं वजन तोललं जातं तो बिंदू). तनूने दोन बोटांवर, पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या पाव अंतरावर, विमान तोलून धरलं. शेपटी खाली गेली. "शेपटी जड असलेलं विमान हवेत नाक वर करतं, वेग गमावतं आणि कोसळतं," खाला म्हणाल्या. बॅटरी बोटभर पुढे सरकवली, मग आणखी थोडी, तेव्हा नाक किंचित खाली झुकून विमान बोटांवर शांत राहिलं.

शेपटीच्या पट्ट्या हलवून पाहताना तनूच्या लक्षात आलं, की ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या रेडिओ यंत्राची, दांडी डावीकडे केली तर सुकाणू (शेपटीची उभी पट्टी, जी विमान वळवते) उजवीकडे जातंय.

"बरं झालं आत्ताच पाहिलंस," बाबा म्हणाले. "हवेत गेल्यावर कळलं असतं तर?"

एक खटका बदलून ते सुधारलं. शेवटी खालांनी ट्रान्समीटरला आणखी एक खटका बसवला. तो मागे असला की विमान तनूच्या हातात, पुढे ढकलला की आईच्या.

जानेवारीतल्या त्या रविवारी सकाळी साडेसातला तिघं सड्यावर पोचले. सडा म्हणजे गावावरचं कातळाचं मोठं पठार. त्याच्या एका अंगाला मऊ, वाळलेलं गवत होतं. मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे हलकेच वाहत होता. पश्चिमेला, समुद्राच्या वर, सकाळचा फिकट चंद्र होता. तनूने तिकडे एकदा पाहिलं आणि मग मुद्दाम पाहिलं नाही. आता लक्ष विमानावर हवं होतं.

बाबांनी विमान घेऊन तीस पावलं लांब जाऊन पाहिलं. ट्रान्समीटरची शक्ती कमी करूनही पट्ट्या बरोबर हलत होत्या. खालांनी तीन पायांच्या तिकाटण्यावर, विमानामागे आपोआप फिरणारा कॅमेरा लावला. कानातल्या यंत्रातून आईचा आवाज आला, "मला गवत दिसतंय, तनू! केवढं पिवळं झालंय!"

बाबा वाऱ्याच्या तोंडाला उभे राहिले. तनूने मोटर सुरू केली. बाबा चार पावलं धावले आणि त्यांनी विमान सोडलं.

ते आधी थोडं खाली बसलं. मग पंखांनी हवा पकडली आणि ते वर, आणखी वर चढत गेलं. तनूने ते हळूच वळवून समुद्राच्या बाजूला आणलं. पिवळे पंख उन्हात चमकत होते. शंभर मीटरवर गेल्यावर तिने खोल श्वास घेतला.

"आई, घे." आणि तिने खटका पुढे ढकलला.

विमान सरळ जात राहिलं. एक, दोन, तीन. मग सुकाणू किंचित हललं. पिवळं विमान एका मोठ्या, निवांत वळणाने चंद्राखालून फिरलं. हे वळण तनूचं नव्हतं. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवरून आईने दिलेलं होतं. आईने थोडंच सांगितलं होतं आणि ती वाट पाहत होती.

"वळलं का गं?" आईने विचारलं. "हो, वळलं! दिसलं मला!"

तिने आणखी दोन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या वळणावर वाऱ्याचा एक झोत आला आणि डावा पंख एकदम खाली गेला. तनूचं बोट खटक्यावर टेकलं. आईला हे अजून दिसलंही नव्हतं. ओढून घ्यावं का? "थांब," खाला हळूच म्हणाल्या. तनूने बोट तसंच ठेवलं. विमान घसरलं, डगमगलं आणि खालचा पंख सावकाश वर आला.

काही क्षणांनी आई म्हणाली, "झोत आला ना? मी हात लावला नाही. तूच सावरलंस ना?"

"मी पण नाही, आई. ते आपलं आपण सावरलं."

बॅटरी संपत आली होती. आईला ते तिच्या पडद्यावर दिसत असणार. तरी ती अजून एक फेरी घेत होती. तनूनेही घाई केली नाही.

"उतरवायला फार आवडायचं मला," आई अखेर म्हणाली. "पण जमिनीजवळ तीन सेकंद फार होतात. घे बाळा. तू उतरव."

तनूने खटका मागे घेतला. वाऱ्याच्या तोंडावर आणून तिने मोटरचा वेग कमी केला. विमान खाली येत गेलं. शेवटच्या क्षणी तिने नाक जरासं उचललं आणि विमान गवतावर घासत, सळसळत जाऊन थांबलं.

विमान जमिनीवर होतं, पण चंद्रावर ते अजून हवेतच होतं. आई श्वास रोखून त्याच्याकडे पाहत असणार. एक. आता तिच्या पडद्यावर ते टेकत असेल. दोन. आता ती ओरडली असेल, आणि तिचा आवाज निघाला असेल. तीन.

"उतरलं! तनू, उतरलं!"

बाबांनी तोंड फिरवून डोळे पुसले. तनू गवतातून धावत गेली आणि तिने विमान उचललं. नाकाला माती लागली होती, बाकी सगळं धड होतं.

"आई, मंगळावरून किती विलंब होतो?" तिने विचारलं आणि ती थांबून राहिली. या थांबण्याचा तिला आज त्रास होत नव्हता.

"जाऊन-येऊन कधी सहा-सात मिनिटं, कधी चाळीसच्या वर. का गं?"

"मग तिथल्या विमानाला उतरायलाही स्वतःलाच यावं लागेल ना? त्याला जमीन किती जवळ आली हे कळायला हवं, आणि मग नाक कधी उचलायचं तेही. आपण याला आधी तेवढंच शिकवू या. मग तू चंद्रावरूनसुद्धा उतरवू शकशील. नोव्हेंबरच्या आधी."

तनू विमान छातीशी धरून उत्तराची वाट पाहत उभी राहिली. खाला तिच्या शेजारी येऊन पंखावरचं गवत झटकू लागल्या.

"एक कागद घे," आई म्हणाली. "अजून सहा मिनिटं आहेत आपल्याकडे. लिहून घे."